टायच्या आधी कॉलर

(प्रस्तावना)

नेरमध्ये टाय लावणारी माणसं मोजायला बसलं तर फार वेळ लागत नाही. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं, दवाखान्याबाहेर बॅग घेऊन थांबलेले एम.आर., कोर्टातले काही वकील, मुलाखतीसाठी अमरावतीची बस पकडणारा एखादा पदवीधर आणि लग्नसराईत रिसेप्शनच्या स्टेजवर उभा केलेला नवरदेव. संपली यादी. जुनी माणसं ज्याला अजून नेर परसोपंत म्हणतात ते हे गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामावर चालतं. चैत्र सरला की ऊन असं पेटतं की शर्टाचं वरचं बटण लावून फिरणाऱ्याची लोक तब्येत विचारतात. अशा गावातून कॉलर आणि टायवर पुस्तिका निघतेय हे ऐकून कुणी हसलं, तर त्याला दोष देता येणार नाही.

तरी माझ्या मते तिची गरज मुंबईपेक्षा नेरला जास्त आहे. ज्याला रोज टाय लावून कचेरीत जायचंय त्याला आपली कोणती कॉलर बसते आणि कोणती बसत नाही हे सहा महिन्यांत आपोआप कळतं. न बसणारा शर्ट तो कपाटात मागे ढकलतो आणि विसरून जातो. आपल्याकडे टाय आयुष्यात दोन-चारदा लागतो, आणि नेमका त्याच दिवशी फोटो काढला जातो. तो फोटो पुढे दिवाणखान्यात लागतो, बायोडाटाला जोडला जातो, मुलांना दाखवला जातो. चूक करून शिकायला सवडच मिळत नाही.

हे फोटो एकदा निरखून पाहावेत. कुणाच्याही घरच्या अल्बममधला चालेल. टायची गाठ गळ्यापासून दोन बोटं खाली लोंबत असते आणि तिच्या वर शर्टाचं पांढरं बटण डोकावत असतं. कॉलरीचं एक टोक कोटाच्या आत असतं, दुसरं वर उचललेलं. गाठीच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या चुण्या. पाठमोरा फोटो असेल तर कॉलरीच्या खालून टायची पट्टी बाहेर आलेली दिसते. चेहरा हसरा, कोट महागाचा, टाय बहुधा सासरकडून आलेला रेशमी. आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘याला टाय बांधताच येत नाही.’

या वाक्याला उत्तर द्यावं म्हणून ही पुस्तिका लिहिली गेली. टाय बांधता येणं ही पाच मिनिटांत शिकायची गोष्ट आहे, हल्ली मोबाईलवर पाहून दहावीतला पोरगाही ती शिकतो. फोटोतली गाठ वर जात नाही, कारण तिला वर जायला जागाच ठेवलेली नसते. जागा ठेवायची की नाही हे शर्ट बेतताना ठरतं, टाय बांधायच्या कितीतरी दिवस आधी, टेलरच्या टेबलावर, खडूची रेघ ओढली जाते तेव्हा. आणि त्या वेळी गिऱ्हाईक फक्त ‘फुल बाहीचा पांढरा शर्ट’ एवढंच सांगून गेलेलं असतं.

टेलरचंही चुकत नाही. त्याच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक शर्टांचं वरचं बटण जन्मात लागत नाही. मग तो कॉलर उघडी शोभेल अशीच बेततो. दोन्ही टोकं समोर जवळ यावीत, बँड फार उंच नको, मान मोकळी राहावी. उघड्या गळ्याला हे सगळं योग्य आहे. तोच शर्ट पुढे टायखाली घातला की फसतो. म्हणून माझ्या मते या पुस्तिकेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे माप घेताना टेलरनं विचारायचा एक प्रश्न: ‘भाऊ, टाय लावाचा हाय का?’ त्यानं नाही विचारलं तर आपण होऊन सांगावं.

आता थोडं कारागिरीच्या आत शिरू. शर्टाची कॉलर म्हणजे दोन तुकडे. मानेभोवती उभा राहतो तो बँड, आणि त्यावरून दुमडून खाली येते ती कॉलर. लोकांचं सगळं लक्ष दुमडलेल्या कॉलरीवर असतं, कारण ती दिसते. टाय मात्र बँडवर बसतो. टायचा वेढा बँडच्या भोवती पडतो, वरून कॉलर त्याला झाकते, आणि गाठ समोरच्या तिकोनी फटीत जाऊन थांबते. बँड गळ्याबरोबर असेल तर टाय त्यावर अलगद टेकतो. बँड ढिला असेल तर टाय ओढताच जास्तीचं कापड समोर गोळा होतं. गाठीच्या बाजूच्या चुण्या त्या. बँड तंग असेल तर वरचं बटण ताणतं, कॉलर बाहेरच्या बाजूला फाकते आणि टोकं वर उचलतात. मग माणूस दर दोन मिनिटांनी गळ्यात बोट घालतो.

गळ्याचं माप मानेच्या तळाशी, कंठाच्या उंचवट्याखाली घ्यायचं आणि टेपच्या आत एक बोट सहज फिरेल एवढी सूट ठेवायची. धुतल्यावर सुती कापड थोडं आवळतं, तो हिशेब वेगळा धरायचा. रेडिमेड फॉर्मल शर्टावर ३९, ४०, ४२ असे जे आकडे असतात ते गळ्याचं सेंटिमीटरमधलं माप असतं. ४० म्हणजे पावणेसोळा इंच. बरेच जण तो छातीचा आकडा समजून खरेदी करतात. छाती बरोबर बसली म्हणून खूश होतात आणि गळा घरी गेल्यावर कळतो. शर्टाची बाही, लांबी, कंबर, सगळं आल्टर होतं. गळा होत नाही. बटण अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे सरकवता येतं, तेवढाच काय तो दिलासा. म्हणून रेडिमेड घेताना आधी गळा पाहावा आणि बाकीचं शिंप्यावर सोडावं. गावातल्या बऱ्याच टेलरांचं पोट आता आल्टरवरच आहे, तेव्हा ही विभागणी दोघांच्या सोयीची.

बँडचा आकार हा या सगळ्यातला सगळ्यात नाजूक भाग. कागदाची सरळ पट्टी कापून गळ्याभोवती गुंडाळून पाहा. ती नळीसारखी उभी राहते, वरची कड गळ्यापासून सुटलेली. माणसाची मान मात्र वर जाताना निमुळती होते. आता तीच पट्टी दोन्ही टोकांना थोडी वर वळवून, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उचलून कापा. गुंडाळली की वरची कड आत झुकते आणि मानेला लागून बसते. एवढ्याशा वळणावर कॉलरीची निम्मी शोभा असते. घाईच्या दुकानात बँड सरळ कापला जातो, कारण सरळ पट्ट्या कापडात कमी वाया जातात आणि पटकन निघतात. टायसाठीचा शर्ट असेल तर हे कापड वाचवू नये.

दुसरी गोष्ट उंचीची. मागच्या बाजूला बँड साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटर आणि त्यावरची कॉलर त्याहून निदान एक सेंटिमीटर जास्त रुंद लागते. दोन्ही सारखे झाले की कॉलरीखालून बँडची शिवण दिसते आणि टायची पट्टी बाहेर येते. कॉलरीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पुरेशी लांब हवी, नाहीतर टायची जाडी आत आली की कॉलर वर चढते. टाय न लावता शर्ट घालून पाहिला तर हा दोष दिसतच नाही, म्हणून ट्रायलला येताना टाय बरोबर आणावा, असा आग्रह पुस्तिकेत धरलाय. तो मला पटतो. कोट असेल तर कोटही आणावा. मागून पाहताना कोटाच्या गळ्यावर शर्टाची बोटभर कड दिसली पाहिजे. ती बुडाली तर समोर कितीही सुंदर गाठ मारा, माणूस कोटात रुतल्यासारखा दिसतो. ज्यांची मान थोडी पुढे झुकलेली आहे त्यांच्यासाठी मागचा गळा वेगळा बेतावा लागतो. त्याबद्दल आत सविस्तर आहे, इथे फक्त सूचना.

आणि समोरची फट. वरचं बटण लावल्यावर कॉलरीच्या दोन बाजू वर एकमेकींना टेकल्या तर गाठ बसणार कुठे? दोन्ही बाजूंना कॉलर बँडच्या मध्यरेषेपासून ३ ते ५ मिलिमीटर मागे लावायची. मिळून सेंटिमीटरभराच्या आतली ही फट. गाठ तिच्यात वर सरकते, बटण झाकलं जातं आणि कॉलरीच्या कडा गाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. जास्त ठेवली तर गाठीशेजारी बँड दिसू लागतो. दोन बोटं खाली लोंबणाऱ्या त्या गाठीचा सगळा इतिहास या काही मिलिमीटरमध्ये आहे.

टोकांची गोष्ट वेगळी. चांगल्या कॉलरीचं टोक छातीकडे किंचित वळलेलं असतं, वर वळलेलं नसतं. त्यासाठी वरचं कापड खालच्यापेक्षा कडेकडेनं दीड-दोन मिलिमीटर मोठं कापायचं आणि शिवताना खालचं ताणून धरायचं. उलटवल्यावर वरचं कापड कडेवरून आत वळतं आणि शिवण खाली लपते. टोक बाहेर काढायला कात्रीचं टोक खुपसणारे हात आजही आहेत. त्यानं कधी टोक फाटतं, कधी बोथट राहतं. जाणते कारागीर कोपऱ्यावर शेवटचा टाका घालताना एक दोरा आत ठेवतात आणि उलटवताना तोच ओढतात. टोक सुरकुती न पडता बाहेर येतं. हे दहा वाक्यांत लिहून समजत नाही, एकदा बघून समजतं. पुस्तिकेत चित्रं त्याचसाठी दिली आहेत.

आत घालायचं अस्तर हा शिंप्यांमधला जुना वाद. पूर्वी सुती बकरम असायचं, पाण्यात भिजवून, वाळवून, मग कापायचं. न भिजवता घातलं की पहिल्या धुण्यात ते आतून आवळायचं आणि वरचं कापड फुगून राहायचं. आता चिकटवायचं फ्युजिंग आलंय. कारखान्यात ते दीडशे अंशांच्या वर तापवलेल्या प्रेसखाली, ठरलेल्या दाबानं, मोजून काही सेकंद दाबतात. गावातल्या दुकानात तीच गोष्ट हाताच्या इस्त्रीनं होते आणि तिथेच घोळ होतो. इस्त्री सरकवली की चिकटायच्या आधीच अस्तर सरकतं. ती उचलून-उचलून दाबायची, सरकवायची नाही. मध्येच वीज गेली तर अर्धवट चिकटलेला तुकडा बाजूला टाकायचा, दुसरा घ्यायचा. अस्तराच्या वाचवलेल्या पैशांपेक्षा बिघडलेल्या शर्टाचं कापड महाग असतं.

कापडाचा विषय निघालाय तर थोडा रेंगाळतो. हा कापसाचा जिल्हा. नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली ती या भागात कापूस मुबलक होता म्हणूनच. आज यवतमाळच्या एमआयडीसीत रेमंडचा कारखाना आहे, पण तो डेनिमचा. डेनिमवर कुणी टाय लावत नाही. आपल्याकडे पिकणाऱ्या मध्यम-लांब धाग्याच्या कापसाचं सूत साधारण ३० ते ४० नंबरपर्यंत चांगलं जातं. शंभर नंबरच्या वर जाणाऱ्या तलम शर्टिंगला जास्त लांब धाग्याचा कापूस लागतो. कॉलरीपुरता याचा अर्थ असा: तलम कापड हाताला छान लागतं पण स्वतःच्या बळावर उभं राहत नाही, त्याला अस्तर नेमकं निवडावं लागतं. चाळीसच्या आसपासचं पॉपलिन जरा जाड, पण त्याची कॉलर भरवशाची. लग्नासाठी दुकानदार सांगेल ते महागडं कापड घेण्यापेक्षा हे पॉपलिन घ्यावं, असं माझं सरळ मत आहे. फोटोत दोन्ही सारखंच पांढरं येतं.

कॉलरीच्या या कटकटीतून जग पूर्वीही गेलंय. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या हॅना माँटेग्यू या बाईंनी १८२७च्या सुमारास नवऱ्याच्या शर्टांची कॉलर कापून वेगळी केली, कारण मळायची फक्त कॉलर आणि धुवावा लागायचा अख्खा शर्ट. त्यातून सुट्या कॉलरींचा एवढा मोठा धंदा उभा राहिला की ट्रॉयला कॉलरींचं शहर म्हणू लागले. सुटी कॉलर कडक खळ घालून, पत्र्यासारखी ताठ करून, बटणांनी शर्टाला अडकवायची. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मऊ, शिवलेल्या कॉलरीची सवय लागली आणि परतल्यावर त्यांनी ताठ कॉलर पुन्हा गळ्यात घालायचं नाकारलं. सुट्या कॉलरींवर मोठ्या झालेल्या ट्रॉयच्या क्लुएट-पीबॉडी कंपनीला शर्ट विकणं भाग पडलं. तेव्हा नवा प्रश्न आला: शर्टाला जोडलेली कॉलर धुण्यात आवळते. तिथल्याच सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आवळून घेण्याची पद्धत शोधून १९३० साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या गिरणीच्या कापडाच्या काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का असायचा, तो या क्लुएटच्या नावावरून. साठी ओलांडलेल्या वाचकांना तो आठवेल.

कडक कॉलरीचा सगळ्यात गमतीदार किस्सा महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना धोब्याचं बिल परवडेना, म्हणून त्यांनी पुस्तक आणून कपडे धुणं शिकून घेतलं. पहिल्या कॉलरीला खळ जास्त झाली आणि इस्त्री पुरेशी तापलेली नव्हती. तीच कॉलर घालून ते कोर्टात गेले. खळ गळू लागली आणि बरोबरचे बॅरिस्टर हसले. गांधींना त्याचं काही वाटलं नाही. याच प्रकरणात पुढे गोपाळ कृष्ण गोखले येतात. गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं एक उपरणं होतं, जिवापाड जपलेलं, खास प्रसंगीच वापरायचं. जोहान्सबर्गच्या मेजवानीआधी त्याला इस्त्री हवी होती. गांधींनी हात पुढे केला तेव्हा गोखल्यांनी त्यांच्या वकिलीवर विश्वास दाखवला, धोबीकामावर नाही. शेवटी इस्त्री झाली आणि पसंतही पडली. सेवाग्राम आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. तिथल्या कुटीत उघड्या अंगानं बसणाऱ्या माणसानं एके काळी स्वतःच्या कॉलरीला खळ घातली होती, हे वाचताना दर वेळी मजा वाटते. पुस्तिकेतला खळीचा भाग मी त्याच मनःस्थितीत वाचला. तांदळाची असो की साबुदाण्याची, खळ पातळ हवी आणि इस्त्री चांगली तापलेली. दाट खळ घातलेली कॉलर दुमडीवर लवकर चिरते.

नेरमधल्या बहुतेक मुलांनी पहिला नीट बसलेला टाय पाहिला तो चौकातल्या पुतळ्यावर. निळा सूट, पांढरा शर्ट, बहुधा लाल टाय, हातात संविधान. संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेल्या, शिल्पकार बी. व्ही. वाघ यांच्या ब्राँझ पुतळ्यापासून ते वस्तीवस्तीतल्या सिमेंट-फायबरच्या पुतळ्यांपर्यंत बाबासाहेबांचा टाय कॉलरीला भिडलेला असतो, कुठे फट नाही, चुणी नाही. ज्यांना अंगभर कपडा घालायलाही एके काळी मज्जाव होता त्यांच्या घरांत हा पोशाख काय सांगत आलाय, त्यावर वेगळं पुस्तक होईल. इथे शिवणकामापुरतं बोलायचं तर मूर्तिकार सुखी आहे. त्याची कॉलर आणि टाय एकाच साच्यातून निघतात. शिंप्याला मात्र १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळ्या कोटात निघणाऱ्या तरुणाची मान, घाम आणि चाळीस अंशांचं ऊन सांभाळायचं असतं.

वकिलांचं थोडक्यात. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पांढरी कॉलर ‘कडक किंवा मऊ’ चालते असं स्पष्ट म्हटलंय. सर्वोच्च, उच्च, जिल्हा, सत्र आणि शहर दिवाणी न्यायालयं सोडून इतर ठिकाणी, म्हणजे तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, पांढऱ्या बँड्सऐवजी काळा टाय लावता येतो. उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत काळ्या कोटाचीही सक्ती नाही. तेव्हा तालुक्याला वकिली करणाऱ्या माणसाला टायची कॉलर खरोखर रोज लागते, उन्हाळ्यात तर कोटाच्या आधाराशिवाय. कोट असला की कॉलरीची टोकं त्याखाली दबून राहतात. कोट नसला की टोकांना स्वतःच्या बळावर खाली राहावं लागतं. अशा शर्टाला कॉलरबोन हवाच. प्लॅस्टिकची ती चपटी काडी कॉलरीच्या खालच्या बाजूच्या कप्प्यात सरकवायची आणि धुण्याआधी, इस्त्रीआधी आठवणीनं काढायची. न काढता इस्त्री फिरवली की काडीचा वळ वरच्या कापडावर कायमचा उमटतो. हा कप्पा असला की कॉलर उलटवता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. ज्यांच्या वडिलांनी झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून, पुन्हा जोडून शर्ट आणखी दोन वर्षं वापरला त्यांना ही अडचण लगेच कळेल. उलटवल्यावर कप्पा वर येतो.

शाळेच्या टायबद्दल काय बोलावं? प्लॅस्टिकची तयार गाठ, मागे इलॅस्टिक. दिवाळीपर्यंत इलॅस्टिक सैल होतं आणि गाठ तिसऱ्या बटणाशी येते. आईनं सेफ्टी पिन लावली की काम भागतं. त्यात शास्त्र शोधू नये. मात्र गणवेश शिवणाऱ्यांनी मुलांच्या शर्टाच्या बँडला निदान पुरेशी उंची द्यावी. वाढत्या वयाचं पोर म्हणून गळा दोन इंच मोठा ठेवतात, तोही अर्धा इंच केला तरी पुरे.

आता गाठ. केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माव या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ साली गणित मांडून दाखवलं की टाय बांधायच्या ८५ पद्धती शक्य आहेत. त्यातल्या चार-पाचच लोक वापरतात, आणि नेरला दोन पुरतात. टोकं जवळ असलेल्या कॉलरीला साधी एकेरी गाठ, जी किंचित तिरकी आणि निमुळती बसते. टोकं लांब फाकलेल्या कॉलरीला हाफ विंडसर. फुल विंडसर मला व्यक्तिशः आवडत नाही, ती गळ्याशी गठ्ठा करते. ज्या ड्यूक ऑफ विंडसरच्या नावानं ती ओळखली जाते तो स्वतः जाड टायची साधी गाठ बांधायचा. चेहरा गोल असेल तर अशी कॉलर, लांब असेल तर तशी, हे मासिकांतले तक्ते पुस्तिकेत मुद्दाम घेतलेले नाहीत. मान किती लांब आहे एवढं पाहावं. आखूड मानेला बुटका बँड, लांब मानेला उंच. यापलीकडची चेहऱ्याची भविष्यं टेलरनं सांगू नयेत.

बांधतानाचा क्रमही एका जागी सांगून ठेवतो, कारण घाईत तो उलटा होतो. आधी कॉलर वर करायची आणि वरचं बटण लावायचं. मग टाय बँडवर, शिवणीच्या अगदी वर फिरवायचा, गाठ बांधायची, आणि शेवटी कॉलर खाली. खाली करताना हातानं पूर्ण गोल फिरून मागची बाजू तपासायची. बटण न लावता टाय बांधून नंतर बटण लावणारे बरेच आहेत. मग गाठीखाली बोटं शिरत नाहीत, बटण उघडंच राहतं आणि टायच त्याला ओढून धरतो. गाठ वर ढकलताना मागची अरुंद पट्टी खाली ओढावी, गाठ हातात चिरडू नये.

या पुस्तिकेत काही गोष्टी नाहीत. बो टाय नाही, पार्टीचा चुण्यांचा शर्ट नाही, आणि लग्नांत हल्ली ज्यानं सूटला मागे टाकलंय त्या जोधपुरीचा बंद गळाही नाही. त्याचं बेतणं वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर टायची कटकट नको म्हणूनच कित्येक नवरदेव त्याच्याकडे वळलेत. बटण-डाउन कॉलर टायखाली चालते की नाही यावरही पानं खर्च केलेली नाहीत. चालते, पण कोटाखाली फार शोभत नाही, एवढं पुरे.

ज्यांना शिवणकाम येत नाही त्यांनी पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचावं: माप आणि ट्रायल. मधली प्रकरणं मशीनवर बसणाऱ्यांसाठी आहेत, आणि ती कापड समोर घेऊनच वाचावीत. फरमे पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, कागदाचे दोन शर्टांत फाटतात. आणि लग्नाचा शर्ट असेल तर माप साखरपुड्याच्या वेळचं धरू नका. हळदीच्या आठवड्यात पुन्हा घ्या, कारण केळवणं झालेली असतात.